द्राक्ष इथलं, मग ताट परकं का?

सोलापूर जिल्ह्यात सांजोवेझे पिकतं. सोलापुरात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, हे काय असतं? इटलीतल्या टस्कनी प्रांताची ओळख असलेलं हे काळं द्राक्ष. कियांती नावाची जी वाइन जगभर जाते, ती मुख्यतः याच द्राक्षाची. माळशिरस तालुक्यात गारवाड-मोटेवाडीच्या माळावर ते गेली पंधराएक वर्षं पिकतंय. तिथल्या ‘फ्रातेल्ली’ या वाइनरीत भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, टस्कनीचे आंद्रेआ आणि अलेसिओ सेच्ची. वाइन करायला टस्कनीतूनच पिएरो मासी हे मुरलेले जाणकार आले. परदेशातून कलमं आली, २००७ च्या सुमारास लागवड झाली, २०१० च्या आसपास पहिल्या बाटल्या बाजारात गेल्या. सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून त्यांनी जी मानाची वाइन केली तिचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

ऊस आणि साखर कारखान्यांनी ओळखला जाणारा हा तालुका. तिथे टस्कनीचं द्राक्ष रुजलं, फळलं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. मुंबई, पुणे, दिल्लीचे लोक ती वाइन चाखायला येतात. सोलापूरचा माणूस मात्र इटलीतल्या द्राक्षबागांची छायाचित्रं बघून तिकिटाचे दर विचारतो.

मी पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावची सून. सासरी द्राक्ष आणि बेदाणा. नोकरी सोलापुरात, शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. घर माळकरी, त्यामुळे वाइनवर लिहायला बसले तेव्हा घरात थोडी चर्चा झाली आणि मगच हे लिहिते आहे. मुलगा नोकरीनिमित्त मिलानला असतो. त्याच्याकडे गेलो असताना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एक अख्खा दिवस कियांतीच्या टापूत, ग्रेव्हे गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबाच्या वाड्यावर काढला. त्या दिवसाने मला जे शिकवलं ते वाइनपेक्षा ताटाबद्दल जास्त होतं. सोलापूर जिल्ह्याने इटलीकडून द्राक्ष घेतलं, यंत्रं घेतली, जाणकार घेतला. पण पाहुण्याला शेतकऱ्याच्या ताटावर बसवण्याची जी पद्धत इटलीने कायदा करून जपली, ती आपण घेतली नाही. माझ्या मते घेण्यासारखी पहिली गोष्ट तीच होती.

त्या वाड्यावर वाइन चाखायला सुरुवात झाली सकाळी दहाच्या सुमारास, तीही बागेत. आधी वेल दाखवली, मग तळघरातली पिंपं, मग ग्लास. ग्लासात दोन घोट. फिरवायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायचा, आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. हो, थुंकायचा. ज्यांना दिवसभर चार वाड्यांवर जायचं असतं ते असंच करतात. आमच्याकडे वाइन म्हटली की झिंग डोळ्यांसमोर येते. तिथे मी पाहिलं ते एखाद्या गूळ व्यापाऱ्याने ढेपेचा कण जिभेवर ठेवून प्रत सांगावी तसं काम होतं. माझ्या यजमानांनी एकही घोट घेतला नाही, आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही. त्यांना घरातल्या मालकिणीने दाबलेल्या द्राक्षाचा ताजा, न आंबलेला रस आणून दिला. तो पिऊन त्यांनी साखर किती ब्रिक्स असेल ते सांगितलं, आणि तिने आतून यंत्र आणून मोजून बघितलं. दोन द्राक्ष उत्पादक भेटले, एवढंच ते होतं. भाषेचा प्रश्न मुलाने सोडवला, पण बागेत त्याची गरज फारशी पडली नाही.

वेलीपाशी उभं राहिल्यावर मात्र दोन्हीकडची वर्षं किती वेगळी आहेत ते कळतं. टस्कनीत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. थंडीत एकदा छाटणी होते, वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. थंडी तेवढी पडत नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून फळकाडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची बीजं धरतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि तिच्यातून येतो तो घड. जानेवारी ते मार्च-एप्रिल तोडणी. म्हणजे कियांतीत घड तुटत असतात तेव्हा सोलापूरचा शेतकरी कात्री घेऊन छाटणीला उभा असतो. टस्कनीच्या सांजोवेझेला अकलूजच्या मातीत हे सगळं नव्याने शिकावं लागलं. ते कलम, तो जाणकार आणि इथले मजूर यांनी मिळून ते जमवलं, ही मोठी शेतीविद्या आहे. आपल्या कृषी महाविद्यालयांच्या सहली तिथे रांगेने जायला हव्यात.

खायच्या द्राक्षाची आणि वाइनच्या द्राक्षाची तऱ्हाही वेगळी. आमच्याकडे मणी मोठा, लांब, बिनबियांचा, पातळ सालीचा हवा. त्यासाठी विरळणी, जीए या संजीवकाच्या बुडवण्या, एकेक घड हाताळणं. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांसकट; कारण रंग, तुरटपणा, वास सगळा सालीत असतो. तिथे घडाच्या देखणेपणाला किंमत नाही. एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रस दाट येतो. द्राक्षाच्या बाबतीत सोलापूर कधीच नवशिकं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्सनच्या बागेत वेगळी दिसलेली काडी वाढवून ‘सोनाका’ दिली. किशमिश चोर्नी या काळ्या द्राक्षातून ‘शरद सीडलेस’ त्यांनीच निवडून काढली. प्रयोगशाळेत न जाता, बागेत डोळे उघडे ठेवून झालेलं हे संशोधन आहे. नान्नजचं नाव आपण माळढोक अभयारण्यासाठी घेतो, ते घ्यावंच, पण तिथल्या वेलीसाठीही घ्यावं.

आता जेवणाकडे येते, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

दुपारी वाड्याच्या अंगणात लांब टेबल मांडलं होतं. पहिल्यांदा आला पाव, चुलीवर भाजलेला, त्यावर लसणाची पाकळी चोळलेली आणि वरून त्यांच्याच झाडांचं ऑलिव्हचं तेल. टस्कनीच्या पावात मीठ नसतं. पहिल्या घासाला तो अळणी लागतो आणि मग कळतं, तो तसाच हवा. कारण सोबत मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज येतं, खारवलेलं मांस येतं. आमच्या ज्वारीच्या भाकरीत तरी मीठ कुठे असतं? मिठाचं काम शेंगाचटणी करते, ठेचा करतो. पुढे रिबोल्लिता आलं. आदल्या दिवशीचं पांढऱ्या घेवड्याचं आणि काळसर पालेभाजीचं सार, त्यात शिळा पाव मोडून घातलेला आणि सगळं पुन्हा उकळलेलं. गरिबाच्या घरचं अन्न. शिळी भाकरी आमटीत कुस्करून खात वाढलेल्या माझ्या सासूबाई तिथे असत्या तर त्यांना ताटात काय आहे हे विचारावं लागलं नसतं. आणि हे गरिबाचं अन्न त्या बाईने परदेशी पाहुण्यांसमोर मान ताठ ठेवून वाढलं. शेवयांसारखा, पण जाड, हातवळणीचा पिची नावाचा प्रकार आला, तोही तिच्या सुनेने सकाळी वळलेला.

शेवटी बदामाची कडक बिस्किटं आणि छोट्या ग्लासात विन सान्तो. ही गोड वाइन सुकवलेल्या द्राक्षाची. मालकिणीने आम्हाला ते घड दाखवायला पोटमाळ्यावर नेलं. बोरूच्या चटयांवर पांढरे घड पसरलेले, काही आढ्याला टांगलेले, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, वारा आरपार. काही महिन्यांनी ते आक्रसले की दाबतात, आणि तो घट्ट रस लहान पिंपांत कोंडून वर्षानुवर्षं त्याच पोटमाळ्यावर ठेवतात. उन्हाळा-हिवाळा त्याला लागावा म्हणून. यजमान दारातच थांबले. म्हणाले, “हे तर आपलंच शेड हाय की.”

खरंच होतं ते. कासेगाव परिसरात उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेड दिसतात. जाळ्यांचे मजल्यावर मजले, वर सावली, बाजूने हिरवं कापड. द्रावणात बुडवलेले घड त्यावर पसरायचे, वाऱ्याने पंधराएक दिवसांत सुकतात. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. मग झाडणी, मळणी, प्रतवारी, पेट्या, आणि पंढरपूर, सोलापूर, तासगावच्या बाजारात सौदे. या सगळ्या साखळीत बेदाणा कुणी शेतात येऊन बघितला, चाखला, असं होत नाही. हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा, काळा मनुका, त्यांच्या चवी, कुठलं शेड कुठल्या वाऱ्यावर आहे, याची जाण आमच्या घरातल्या बायकांना आहे. निवडणीला बसलेली बाई मुठीच्या वजनावर प्रत सांगते. टस्कनीच्या पोटमाळ्यावरचं तेच ज्ञान पाहुण्याला पैसे देऊन ऐकावंसं वाटतं. आमच्या शेडवरच्या बाईला त्याच ज्ञानाची फक्त मोजून मजुरी मिळते.

हे तिथे आपोआप झालं नाही, आणि भूगोलाची शिक्षिका म्हणून मला याचीच गोष्ट सांगायची आहे. कियांतीची सीमा १७१६ साली तिथला ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा मेदिची याने जाहीरनामा काढून ठरवली. इकडे साताऱ्याला शाहू महाराजांची गादी तेव्हा नुकती स्थिरावत होती. म्हणजे नाव तीनशे वर्षांचं. पण नावाने शेतकरी जगला नाही. टस्कनीची जमीन जमीनदारांची आणि कसणारा अर्ध्या वाट्याचा कूळ, अशी रीत विसाव्या शतकापर्यंत चालली. १९६४ साली कायद्याने असे नवे करार बंद केले. तोवर माणसं निघून चालली होती, फ्लॉरेन्सकडे, तुरिनच्या मोटार कारखान्यांकडे, आणि जवळच्या प्रातो शहरातल्या मागांवर. प्रातो हे कापडाचं शहर, सोलापूरसारखंच. दगडी वाडे ओस पडले, छपरं खचली. पुढे १९८६ साली उत्तर इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली आणि इटालियन वाइनवरचा विश्वासच उडाला.

या पडझडीच्या काळात, १९८५ साली, इटलीने शेतकऱ्याच्या पाहुणचाराचा कायदा केला. शेतकरी आपल्या वाड्यात पाहुणे ठेवू शकतो, त्यांना जेवू घालू शकतो, वाइन चाखवू शकतो. पण शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे, आणि ताटात प्रामुख्याने त्याच्या शेतातलं, त्याच्या भागातलं अन्न असलं पाहिजे. २००६ साली तो कायदा सुधारला, तपशील प्रत्येक प्रांताने ठरवले, गाभा तोच राहिला. या एका अटीने काय केलं ते आम्ही टेबलावर बघितलं. अट नसती तर शहरातल्या कुणी वाडा विकत घेऊन हॉटेल काढलं असतं, बाजारातून गोठवलेलं अन्न आणलं असतं, आणि शेतकरी गाड्या लावायला शिट्टी घेऊन उभा राहिला असता. अट होती म्हणून सासूचं रिबोल्लिता आणि सुनेची पिची हेच विक्रीचं मोल ठरलं. कार्लो पेत्रिनी यांनी पिएमोंते प्रांतातल्या ब्रा गावातून सुरू केलेली स्लो फूड चळवळही याच दशकातली. आपल्या गावचं धान्य, चीज, द्राक्ष हे खाणं म्हणजे मागासपणा नव्हे, हे त्या चळवळीने इटालियन माणसाला पुन्हा पटवलं.

आपल्याकडे वाइनचं धोरण २००१ साली आलं. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. नारायणगावला शामराव चौगुले यांनी त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन काढून दाखवली होती. नाशिकने तर पर्यटनाची घडी बसवली. वाइनरीत चाखण्याची खोली २००५ च्या सुमारास सुरू झाली आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. हे सगळं चांगलं झालं. पण सवलती कारखान्याला मिळाल्या, करात सूट बाटलीला मिळाली, आणि शेतकरी राहिला द्राक्ष टनावर विकणारा. २००८-०९ च्या मंदीत मागणी कोसळली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या किंवा त्याच खुंटांवर खायच्या द्राक्षाची कलमं केली. ज्याच्याकडे अंगणात पाहुणा नाही, त्याला टनाचा भाव पडला की दुसरा आधार नसतो.

पुढे २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत, सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. राज्यभर वाद झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय अमलात आला नाही. मला तो विरोध समजतो. माझ्या माहेरच्या गावात बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी सह्या गोळा केल्या, तेव्हा दारू घराचं काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. किराणाच्या फळीवर, तांदळाच्या शेजारी बाटली ठेवून शेतकऱ्याचं भलं होणार होतं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलं आहे. वाइन औषधी असते वगैरे मी कुणाला सांगणार नाही. पण त्या सगळ्या वादात दोन्ही बाजू दुकानाच्या फळीवरच बोलत राहिल्या. शेतकऱ्याच्या अंगणाचा विषय कुणी काढलाच नाही. फळीवरची बाटली कुणीही, कधीही, एकट्याने नेऊन पिऊ शकतो. अंगणातला घोट दिवसाउजेडी, जेवणासोबत, पिकवणाऱ्याच्या समोर घेतला जातो, आणि न घेणाऱ्यासाठी शेजारी ताजा रस असतो. या दोन गोष्टींत समाजाच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे, आणि धोरणाने ते अंतर ओळखलं पाहिजे.

पंढरपूरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पंढरीत आणि वारीच्या वाटेवर वाइन नको. तिथे बेदाणा आहे, मनुका आहे, द्राक्षाचा रस आहे. कासेगावच्या शेडवर यायला वारकऱ्यालाही संकोच वाटू नये. वाइन वाइनरीच्या आवारात, परवान्यात, वयाची अट पाळून राहू दे. जिल्ह्यात बाकी दाखवायला आणि वाढायला इतकं आहे की त्यासाठी परवाना लागतच नाही.

आणि इथेच मला सोलापूरच्या ताटाबद्दल मनापासून बोलायचं आहे. महाराष्ट्रातल्या वाइनरींत आज जेवायला गेलं तर पिझ्झा, पास्ता, आयात केलेलं चीज सहज मिळतं. पदार्थ वाईट नाहीत. पण पाहुणा मुंबईहून इतका लांब येतो तो मुंबईत मिळतं तेच खायला? अकलूजच्या सांजोवेझेशेजारी जर काही शोभणार असेल तर ते या जिल्ह्याचं अन्न. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी. मंगळवेढ्याची काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन, परतीच्या पावसावर पेरलेली रब्बीची ज्वारी, आणि तिची पांढरीशुभ्र, गोडसर भाकरी. तीच भाकरी पापडासारखी पातळ थापून वाळवली की सोलापूरची कडक भाकरी, महिनाभर टिकणारी. तिच्यासोबत खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. करमाळा-माढ्याकडची बाजार आमटी, अनेक डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्यात उकळलेली. लिंगायत घरांतली गव्हाची हुग्गी. शेंगापोळी. धपाटे आणि घट्ट दही. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चुलींचा वास असलेलं असं ताट दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे आहे?

जुळवण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. आपलं तिखट आणि वाइन यांचं सहज जमत नाही. मद्याने मिरचीची आग वाढते आणि तुरट लाल वाइन झणझणीत रश्श्यापुढे कडवट लागते. माझ्या धाकट्या दिराने, जो माळकरी नाही, हा उद्योग हौसेने करून पाहिला आणि चाखणाऱ्यांत मीही होते. किंचित गोडसर, थंड केलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन शेंगाचटणी आणि दही-धपाट्यांसोबत छान लागली. शेंगदाण्याचं तेल आणि दह्याचा आंबटपणा तिला सांभाळून घेतात. सांजोवेझेमध्ये स्वतःचा आंबटपणा असतो, म्हणून इटलीत ती टोमॅटोसोबत पितात. आमच्याकडे ती भरल्या वांग्यासोबत जमली, तीळ-शेंगदाण्याचं कूट जास्त आणि तिखट बेताचं असेल तर. बाजार आमटीपुढे मात्र कुठलीच टिकली नाही. तिच्यासोबत ताक प्यावं. हे काम खरं तर वाइनरीतल्या जाणकारांनी आणि इथल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी एका टेबलावर बसून करायला हवं. टस्कनीत शतकानुशतकं जेवता जेवता जे ठरत गेलं, ते आपल्याला जाणीवपूर्वक ठरवता येईल.

एक गोष्ट तर निसर्गानेच जुळवून ठेवली आहे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीत सुरू होते आणि त्याच दिवसांत ज्वारीचा हुरडा येतो. सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, आणि रानात आगट्या पेटलेल्या असतात. सुरती, गूळभेंडी, कुचकुची अशा हुरड्याच्याच खास ज्वाऱ्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस तळहातावर चोळून गरम दाणे पानावर पडतात, सोबत तीळ-लसणाची चटणी, गूळ, बोरं, दही. अकलूजची तोडणी सकाळी, मंगळवेढ्याचा हुरडा दुपारी, कासेगावचं बेदाणा शेड परतताना. टस्कनीतल्या माझ्या दिवसात जे जे होतं, ते सगळं या वाटेवर आहे. द्राक्षाशेजारी कोवळं धान्य भाजून खायला देणारी वाट तर टस्कनीकडेही नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. नोंदणी, प्रमाणपत्र, काही सवलती त्यात आहेत, आणि बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी त्याच्या कितीतरी आधी कृषी पर्यटन उभं करून दाखवलं होतं. आता त्या धोरणाला इटलीची ती अट जोडा: ताटातला मोठा वाटा शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातला आणि त्याच्या तालुक्यातला. ही अट पाळणाऱ्याला कर, वीज, पाणीपट्टीत खरी सवलत द्या. न पाळणाऱ्याने खुशाल हॉटेल काढावं, त्याला कृषी पर्यटन म्हणू नये. हल्ली रस्त्याच्या कडेला हुरडा पार्टीच्या नावाखाली ध्वनिवर्धक, पाण्याच्या घसरगुंड्या आणि पनीर मिळतं. ज्वारी कुणाच्या रानातली, हे विचारलं तर सांगता येत नाही. मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात असं होऊ देणं मला सहन होत नाही.

पाण्याचं गणितही याच बाजूचं आहे. भीमेवरचं उजनी भरलं की आपण उसाकडे धावतो आणि उन्हाळ्यात टँकर मोजतो. ठिबकवरची द्राक्षबाग उसाच्या मानाने कमी पाण्यात उभी राहते, आणि कोरडवाहू मालदांडी तर जमिनीतल्या ओलीवर. पाहुण्याला ज्वारी आणि द्राक्ष वाढणारा शेतकरी आपोआप कमी पाण्याच्या पिकाकडे राहतो. ज्या जिल्ह्यातली तरुण पोरं आठवड्याच्या सुरुवातीच्या गाडीने पुण्याला निघून जातात, तिथे घरातल्या दोन माणसांना वर्षातले तीन महिने घरीच काम मिळणं ही लहान गोष्ट नाही.

सगळ्यात शेवटी एक मागणी, आणि ती वाइनरी, हुरडा केंद्रं आणि जिल्हा प्रशासन या तिघांकडे आहे. कियांतीतल्या त्या वाड्याच्या बिलावर वाइनची रक्कम वेगळी होती आणि जेवणाची वेगळी. पाव, सार, पिची, प्रत्येकाला किंमत होती, आणि ती वाइनपेक्षा कमी नव्हती. आपल्याकडे भाकरी, चटणी, हुरडा हे “त्यातच आलं” म्हणून वाढलं जातं आणि थापणाऱ्या बाईला दिवसाची हजेरी मिळते. येत्या जानेवारीच्या हंगामापासून या जिल्ह्यातल्या प्रत्येक बिलावर भाकरीची ओळ स्वतंत्र असावी, तिच्यापुढे रक्कम असावी, आणि ती रक्कम थापणाऱ्या हाताला जावी.